१९ जुलै २०२४ : सुरूच न होणाऱ्या ८५ लाख संगणकांचे प्रकरण

शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीने हल्ल्यांपासून संगणकाचे रक्षण करणाऱ्या आपल्या ‘फाल्कन’ या उत्पादनासाठी एक लहानशी माहिती-फाइल जगभरच्या विंडोज संगणकांकडे पाठवली. चूक लक्षात आल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. मधल्या ७८ मिनिटांत फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेले जे विंडोज संगणक चालू होते आणि इंटरनेटला जोडलेले होते, त्यांपैकी ज्यांनी ती फाइल उतरवून घेतली ते कोसळले, आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले आणि सुरू होता होताच पुन्हा कोसळले. असे संगणक सुमारे ८५ लाख असावेत, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी जाहीर केला. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत ही संख्या १ टक्क्याहूनही कमी होती. पण विमानतळ, रुग्णालये, बँका, वृत्तवाहिन्या आणि आपत्कालीन दूरध्वनी केंद्रे यांचे संगणक त्यात असल्यामुळे परिणाम जगभर जाणवला.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा ती फाइल सदोष कशी निघाली याभोवती फिरते. तो भाग महत्त्वाचा आहेच. परंतु संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसासाठी याहून मोलाचा भाग दुरुस्तीचा आहे. उपाय पहिल्या काही तासांतच कळला होता आणि तो म्हणजे फक्त एक फाइल पुसणे. तरीही कित्येक संस्थांना पूर्ववत व्हायला अनेक दिवस लागले, कारण त्या फाइलपर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्यांनी आधी कधी तपासलेलाच नव्हता.

लक्षणांवरून काय कळत होते

‘संगणक सुरू होत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्यामागे वीजपुरवठा, मेमरी, डिस्क, फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूलभूत सॉफ्टवेअर), बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा भाग), कर्नल (विंडोजचा गाभा), ड्रायव्हर (त्या गाभ्याशी जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम) किंवा लॉगिननंतर चालणाऱ्या सेवा यांपैकी काहीही असू शकते. त्यामुळे कशालाही हात लावण्यापूर्वी संगणक कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचून थांबतो, हे पाहावे लागते. त्या दिवशी बाधित संगणकांवर उत्पादकाचे चिन्ह नेहमीसारखे उमटत होते, विंडोजचे गोल फिरणारे ठिपकेही दिसत होते, काही संगणक तर लॉगिनच्या पडद्यापर्यंत जात होते आणि मग विंडोज कोसळल्याचे सांगणारा निळा पडदा येत होता. याचा अर्थ मेमरी, डिस्क, फर्मवेअर आणि बूट मॅनेजर यांनी आपापले काम चोख केले होते. बिघाड कर्नल आणि त्याच्यासोबत चढणारे ड्रायव्हर यांच्या थरात होता.

निळ्या पडद्यावरचा मजकूरही तेच सांगत होता. थांबण्याचे कारण म्हणून ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आणि काय बिघडले या ओळीत ‘सीएसएजंट डॉट एसवायएस’ हे नाव दिसत होते. निळा पडदा दिसताच बंदचे बटण दाबणारे बरेच असतात. पण ही एक ओळ वाचली असती तर निदानाचा अर्धा भाग तिथेच संपत होता, कारण सीएसएजंट हा विंडोजचा नव्हे, तर फाल्कनचा ड्रायव्हर आहे.

हे निदान झाले नाही, तर माणूस सवयीने ठरावीक उपायांकडे वळतो. त्यांतला एकही इथे उपयोगाचा नव्हता. विंडोजचे स्टार्टअप रिपेअर सुरू होण्याच्या प्रक्रियेतील बिघडलेल्या फाइली आणि नोंदी दुरुस्त करते; इथे त्या शाबूत होत्या. बूट नोंदी नव्याने बांधणे, डिस्कची तपासणी करणे, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवणे हे सगळे निरोगी अवयवावरचे उपचार ठरले असते. विंडोज नव्याने टाकल्यावर संगणक सुरू झाला असता हे खरे. परंतु एका फाइलसाठी सगळी प्रणाली, त्यावरची कार्यालयीन सॉफ्टवेअरे आणि प्रसंगी वापरकर्त्याची माहितीही पणाला लावणे हा माझ्या मते शेवटचाच मार्ग असायला हवा.

बिघाड नेमका कसा घडला

फाल्कनचा सेन्सर, म्हणजे संगणकावर बसवलेला त्याचा भाग, दोन प्रकारे अद्ययावत होतो. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अधूनमधून येते आणि ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकतो. नव्या हल्ल्यांची लक्षणे सांगणाऱ्या माहिती-फाइली मात्र वरचेवर येतात आणि त्या काळी त्या सर्वांकडे एकदमच जात असत. अनेक संस्थांनी सावधगिरी म्हणून सेन्सरची आवृत्ती मुद्दाम एक-दोन पावले मागे ठेवली होती आणि आपण सुरक्षित आहोत असे त्यांना वाटत होते. ती व्यवस्था या फाइलींना लागूच नव्हती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ७.११ या आवृत्तीसोबत एक नवा साचा, म्हणजे माहिती-फाइलींतल्या नोंदींचा आराखडा, आला. विंडोजमधील प्रक्रिया एकमेकींशी बोलण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ नावाची सोय वापरतात आणि हल्लेखोर तिचा गैरवापर करतात. तो ओळखणे हे या साच्याचे काम होते. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते, पण त्याला माहिती पुरवणारा सेन्सरमधील कोड २० मूल्येच देत होता. एप्रिलपर्यंत पाठवलेल्या नोंदींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचे चिन्ह असल्यामुळे तो रकाना प्रत्यक्षात कधी वाचलाच गेला नाही. १९ जुलैला दोन नव्या नोंदी गेल्या आणि त्यांतल्या एकीत एकविसाव्या रकान्यासाठी नेमका निकष दिलेला होता. ड्रायव्हर अस्तित्वात नसलेले एकविसावे मूल्य वाचायला गेला आणि मेमरीतल्या भलत्याच जागी पोहोचला. मर्यादा तपासणारी अट त्या कोडमध्ये नव्हती. पाठवण्यापूर्वी फाइल तपासणाऱ्या यंत्रणेनेही २१ मूल्ये मिळतील असेच गृहीत धरले होते, त्यामुळे तिने फाइलला हिरवा कंदील दाखवला. कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या मूळ-कारण अहवालात हे सविस्तर नोंदवले आहे. फाइलमध्ये नुसती शून्ये भरलेली होती आणि त्यामुळे हा प्रकार घडला, असे स्पष्टीकरण पहिल्या दिवसांत पुष्कळ फिरले. कंपनीने ते तेव्हाच नाकारले होते.

साध्या प्रोग्रॅमने अशी चूक केली, तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरने ती केली, तर विंडोज संपूर्ण संगणक थांबवते, कारण मेमरीचा भरवसा उरला नसताना पुढे चालत राहिल्यास डिस्कवरील माहितीही बिघडू शकते. निळा पडदा हे त्या दृष्टीने संरक्षणच आहे. इथे अडचण अशी होती की, संगणक चालू होताच पहाऱ्यावर उभे राहता यावे म्हणून सीएसएजंटची नोंद अगदी आरंभी चढणाऱ्या ड्रायव्हरांत केलेली असते. सदोष फाइल डिस्कवर तशीच होती, ड्रायव्हर प्रत्येक वेळी ती उघडत होता आणि प्रत्येक वेळी तिथेच पडत होता. दूरवरून दुरुस्ती करणारी साधने विंडोज व्यवस्थित चालू असेल तरच उपयोगी पडतात, त्यामुळे तीही सर्व एकाच वेळी निकामी झाली.

या नियमाला एक विचित्र अपवाद होता. कोसळण्याआधीच्या काही क्षणांत एखाद्या संगणकाचे नेटवर्क जोडले गेले आणि सेन्सरने सुधारित फाइल उतरवून घेतली, तर तो बचावत असे. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील आभासी संगणकांबाबत (मोठ्या यंत्रात सॉफ्टवेअरच्या रूपात चालणाऱ्या संगणकांबाबत) काही ग्राहकांना १५ पर्यंत वेळा पुन्हा सुरू केल्यावर यश मिळाले, असे मायक्रोसॉफ्टनेच कळवले होते. पुढे क्राउडस्ट्राइकने कोसळणे आधी की फाइल मिळणे आधी, या शर्यतीचाच उपयोग करून सदोष फाइल दूरस्थपणे बाजूला काढणारी सोय दिली आणि त्यासाठी वायफायऐवजी केबल जोडण्याचा सल्ला दिला, कारण केबलचे नेटवर्क लवकर जागे होते.

एका संगणकाची दुरुस्ती

सलग काही वेळा सुरू होण्यात अपयश आले की विंडोज स्वतःहून रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट उघडते. ही डिस्कच्या वेगळ्या विभागातली एक छोटी, स्वतंत्र विंडोज असते आणि मुख्य प्रणालीचे ड्रायव्हर ती चढवत नाही. तिथे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने जाऊन संगणक पुन्हा सुरू केला आणि ४ हा अंक दाबला की सेफ मोड मिळतो. सेफ मोडमध्ये अत्यावश्यक ड्रायव्हरच चढतात, त्यामुळे सीएसएजंट जागा होत नाही. मग प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याने आत शिरून सी ड्राइव्हवरील विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स आणि क्राउडस्ट्राइक असे एकात एक असलेले फोल्डर उघडायचे आणि ‘सी-०००००२९१’ या अक्षरांनी सुरू होणारी, शेवटी एसवायएस असलेली फाइल पुसायची. नाव ड्रायव्हरसारखे असले तरी ती ड्रायव्हर नव्हती, केवळ माहिती होती. म्हणून ती काढल्याने सेन्सर मोडत नव्हता आणि पुढच्या वेळी सुरू होताच तो नवी प्रत आणत होता.

पुसण्याआधी फाइलची वेळ पाहणे आवश्यक होते. जागतिक प्रमाणवेळेनुसार ०४:०९ ची प्रत सदोष होती. ०५:२७ किंवा त्यानंतरची प्रत चांगली होती. फोल्डरमध्ये २९१ क्रमांकाच्या एकाहून अधिक फाइली असणे स्वाभाविक होते आणि त्यांत नवी प्रत असेल तर चिंतेचे कारण नव्हते. आणखी एक बारकावा कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टंकून, काम करणाऱ्यांना नडत होता : रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमध्ये उघडणारा प्रॉम्प्ट एक्स ड्राइव्हवर असतो आणि तिथेही विंडोज नावाचे फोल्डर असते, त्यामुळे आधी सी ड्राइव्हवर, किंवा त्या वातावरणात मूळ डिस्कला जे अक्षर मिळाले असेल त्यावर, जावे लागते.

सराव असलेल्या माणसाला हे सारे करायला काही मिनिटे पुरत होती.

अठ्ठेचाळीस अंक

खरा अडथळा बिटलॉकर या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजमधील सोयीचा होता. कार्यालयीन लॅपटॉपची डिस्क बहुधा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. नेहमीच्या सुरुवातीत तिची किल्ली टीपीएम ही चिप गुपचूप पुरवते आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही नसतो. रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमधून डिस्क उघडायची तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि टंकनातली चूक पकडता यावी म्हणून प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ही की संस्थेच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (खाती आणि संगणक यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील एन्ट्रा आयडीत आणि घरगुती संगणकाची की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

ज्या संस्थांच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे सर्व्हर स्वतःच निळ्या पडद्यावर अडकले होते, त्यांची कोंडी सहज कल्पना करता येईल अशी होती : लॅपटॉप उघडण्याच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर, तोच बंद आणि त्याची डिस्कही बिटलॉकरने बंदिस्त. अशा ठिकाणी दुरुस्तीचा क्रम ठरवणे हेच सर्वांत मोठे काम होते. आधी डोमेन कंट्रोलर (ती डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर), मग किल्ल्यांची यादी, मग नेटवर्क आणि पडताळणीचे सर्व्हर, आणि त्यानंतर माणसांचे संगणक. हा क्रम सोडून ज्याचा आवाज मोठा त्याचा लॅपटॉप आधी हाती घेतला की पथकाचा वेळ वाया जातो, हे कोणत्याही मोठ्या बिघाडात दिसते.

किल्ली हातात आली तरी ती टंकायची कोणी, हा प्रश्न उरतच होता. घरून काम करणाऱ्या माणसाला ४८ अंक फोनवर वाचून दाखवणे, त्याच्याकडून फाइलचे नाव अचूक लिहून घेणे आणि शिवाय त्याला प्रशासकाचा पासवर्ड देणे हे संथ आणि धोक्याचे काम आहे. ग्रँट थॉर्नटन या लेखा व सल्लागार कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील पथकाने यावर काढलेला तोडगा मला या सबंध प्रकरणात सर्वांत समंजस वाटतो. दुकानात वापरला जाणारा बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, हे ओळखून त्यांनी रिकव्हरी की बारकोडच्या रूपात पडद्यावर दाखवल्या आणि समोरच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरने त्या वाचल्या. टंकनातली चूक टळली आणि वेळही वाचला. अशा रीतीने उघड झालेल्या किल्ल्या आणि पासवर्ड काम संपल्यावर बदलून टाकावे लागतात, ही गोष्ट घाईच्या दिवसांत विसरण्यासारखी असते.

किल्ली सापडतच नसेल, तर एक पर्याय उरत होता. सुरू होण्याची सेटिंग्ज डिस्कच्या ज्या छोट्या विभागात असतात तो कूटबद्ध नसतो. रिकव्हरीत ‘ही डिस्क वगळा’ हा पर्याय निवडून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि बीसीडीएडिट या साधनाने पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये व्हावी अशी नोंद केली, तर टीपीएम नेहमीप्रमाणे किल्ली देते आणि संगणक सेफ मोडमध्ये उघडतो. नंतर ती नोंद आठवणीने काढावी लागते, नाहीतर संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतो. मायक्रोसॉफ्टने थोड्याच दिवसांत पेनड्राइव्हवरून चालणारे जे दुरुस्ती साधन दिले, त्यातही हा मार्ग एक पर्याय म्हणून होता. त्यासाठी स्थानिक प्रशासक खात्याचा पासवर्ड मात्र हवाच आणि टीपीएमसोबत पिन लावलेला असेल तर तो पिनही हवा. जिथे प्रत्येक संगणकाचा वेगळा स्थानिक पासवर्ड लॅप्ससारख्या (असे पासवर्ड सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीसारख्या) व्यवस्थेत नोंदलेला होता, तिथे हे शक्य झाले.

आभासी संगणकांचे काम तुलनेने सुसह्य होते. बंद पडलेल्या आभासी संगणकाची डिस्क काढून दुसऱ्या निरोगी आभासी संगणकाला जोडायची, तिथून फाइल पुसायची आणि डिस्क परत मूळ जागी लावायची, हे स्क्रिप्ट लिहून एकामागून एक करता येते. १९ जुलैच्या सकाळपूर्वीचा बॅकअप असेल तर तोही परत आणता येतो. प्रत्यक्ष यंत्रांसमोर मात्र माणूसच जाऊन बसावा लागला. डेल्टा एअर लाइन्सने ४०,००० सर्व्हर हाताने पूर्ववत करावे लागल्याचे सांगितले. पाच दिवसांत त्यांची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. संगणक सुरू झाल्यानंतरही वैमानिक आणि कर्मचारी कुठे आहेत याचा मेळ घालणारी प्रणाली मागे पडली होती, म्हणून इतर अमेरिकी विमान कंपन्या सावरल्या तेव्हा डेल्टा अडकून राहिली.

भारतात

सकाळी पावणेदहाची वेळ म्हणजे मुंबई-पुण्यात कार्यालये नुकतीच उघडलेली असतात. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र होती आणि असंख्य लॅपटॉप बंद होते. इंडिगो, अकासा आणि स्पाइसजेट यांना विमानतळांवर हाताने काम करावे लागले, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांना मिळाले आणि इंडिगोची सुमारे २०० उड्डाणे रद्द झाली. २० जुलैच्या पहाटे ३ वाजल्यापासून विमान कंपन्यांच्या प्रणाली सुरळीत झाल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितले. बँकांना झळ कमी बसली : बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली क्लाउडवर नाहीत आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका थोड्याच आहेत, असे सांगून रिझर्व्ह बँकेने केवळ १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे कळवले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे बाधित झाले नव्हते. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने त्याच दिवशी सूचनापत्र काढून सेफ मोड आणि फाइल पुसण्याची कृती दिली. दुरुस्तीच्या नावाखाली बनावट संकेतस्थळे आणि घातक फाइली पसरू लागल्या, तेव्हा त्याबद्दलही तिने सावध केले.

त्यानंतर

क्राउडस्ट्राइकने माहिती-फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्यास सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या यावर ग्राहकांना नियंत्रण दिले. मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांसोबत सप्टेंबर २०२४ मध्ये बैठक घेतली आणि त्यांची उत्पादने कर्नलच्या बाहेर चालवता यावीत यासाठी काम हाती घेतले. देखभाल करणाऱ्यांच्या थेट उपयोगाचा बदल म्हणजे ‘क्विक मशीन रिकव्हरी’. ऑगस्ट २०२५ पासून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ही सोय येऊ लागली. वारंवार कोसळणारा संगणक रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटमध्ये जातो, तिथूनच नेटवर्कला जोडला जातो आणि विंडोज अपडेटकडून त्या विशिष्ट बिघाडाचा उपाय उतरवून घेतो. १९ जुलैला नेमकी हीच वाट नव्हती.

ही सोय सर्वांना आपोआप लाभत नाही. २०२५ मध्ये ती आली तेव्हा होम आवृत्तीत मुळातच चालू होती, प्रो आणि एंटरप्राइझमध्ये प्रशासकाला ती चालू करावी लागत होती. रिकव्हरीच्या वातावरणात तेव्हा केबलचे नेटवर्क किंवा साध्या पासवर्डचे वायफायच चालत होते, त्यामुळे प्रमाणपत्रावर चालणारे कार्यालयीन वायफाय तिथे उपयोगी पडत नव्हते. शिवाय रिकव्हरी विभागच बंद किंवा गहाळ असेल, तर पुढचे काहीच शक्य नाही. ‘रीएजंटसी’ या साधनाला ‘इन्फो’ हा पर्याय देऊन त्याची स्थिती तपासता येते. क्विक मशीन रिकव्हरीसाठी त्याच साधनात चाचणीचा मोडही दिलेला आहे. कार्यालयातल्या एका संगणकावर तो एकदा चालवला, की त्या वातावरणात नेटवर्क मिळते का, रिकव्हरी की कोणाकडून आणि किती वेळात हाती येते आणि स्थानिक प्रशासकाचा नोंदवलेला पासवर्ड खरोखर चालतो का, या तिन्ही गोष्टी त्याच बैठकीत तपासून घेता येतात.